पेन्सिलीतला ताप

आमच्या नर्सिंग स्कूलमध्ये काहीही लिहायचं तर आधी पेन्सिलीनं आणि मग त्यावर शाईनं, असा दंडक होता. तो कुणी घालून दिला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ट्यूटर मॅडमना खाडाखोड खपायची नाही. एक आकडा खोडलेला दिसला की अख्खं पान फाडून परत लिहायला लावायच्या. त्यामुळे पेशंटची माहिती, औषधांच्या वेळा, नाडी, श्वास, सगळं आधी पेन्सिलीत. मग खोडरबर, मग शाई. नाडी खरंच मोजली होती का, हे विचारल्याचं मला एकदाही आठवत नाही. अक्षर बघायच्या.

माझं अक्षर चांगलं होतं. म्हणून मी मॉनिटर. आमच्या येरवड्याच्या दोन खोल्यांच्या घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी माझी दहावीची गुणपत्रिका फ्रेम करून लावली होती, आणि आल्यागेल्याला चहाच्या आधी ती दाखवली जायची. अशा घरातून आलेल्या मुलीला आपल्याला सगळं येतं असं वाटलं, तर त्यात तिचा एकटीचा दोष नाही. पण बराचसा आहे.

दुसऱ्या वर्षाला असताना पुण्यात स्वाइन फ्लू आला. पुण्यातल्या मुली तशाही स्कूटीवर डोळे सोडून सगळं ओढणीत गुंडाळूनच फिरायच्या, त्यामुळे पहिले दोन दिवस साथ आली आहे की धूळ वाढलीय ते कळेना. मग पुरुषांनीही रुमाल बांधले. कापूर आणि वेलदोड्याच्या पुरचुंड्या लोकांच्या गळ्यात आल्या. शाळा बंद झाल्या, कॉलेजं बंद झाली, सिनेमागृहं बंद झाली. माझा भाऊ खराडीला एका आयटी कंपनीत नुकताच लागला होता. त्यांच्या मजल्यावर एकजण शिंकला आणि सगळ्या मजल्याला आठवडाभर घरून काम करायला सांगितलं. तो घरी बसून पोहे खात मला फोनवर म्हणायचा, "तुमचं पण बंद असेल ना?"

आमचं बंद नव्हतं. नर्सिंग स्कूल हे शाळेत मोडत नाही आणि कॉलेजातही मोडत नाही, असं आम्हाला सांगण्यात आलं. ते कशात मोडतं हे विचारायची सोय नव्हती. आम्हा दुसऱ्या वर्षाच्या मुलींना थेट तपासणी केंद्रावर लावलं. केंद्र म्हणजे ओपीडीबाहेर टाकलेला मांडव. लग्नाचा असतो तसाच, झालरीसकट. त्यात टेबलं, टेबलांमागे आम्ही आणि समोर खोकणारं पुणं. नाव, पत्ता, ताप कधीपासून, घसा दुखतो का, परदेशातून कुणी आलंय का. कोथरूडहून आलेल्या एका आजोबांनी मला शांतपणे विचारलं होतं, "बाळ, परदेशातून आलेला माणूस या रांगेत उभा राहील का?"

आम्हाला दिवसाला एक मास्क मिळायचा. साधा, हिरवा, दुपारपर्यंत ओला होणारा. चांगले मास्क कपाटात होते आणि कपाटाची किल्ली इन्चार्ज सिस्टरांच्या कमरेला. मागितले की म्हणायच्या, "संपले तर काय करू?" म्हणजे संपू नयेत म्हणून वापरायचे नाहीत. मी एकदा बाहेरच्या मेडिकलमध्ये विचारायला गेले. अंगावर गणवेश होता. दुकानदार म्हणाला, "तुम्हीच हॉस्पिटलातून आलात ना? आम्ही तुमच्याकडे मागायला येणार होतो." आणि गणवेश बघून दोन पावलं मागे सरकला. बसमध्येही तेच. मी बसले की शेजारची बाई उठायची. एरवी सीटसाठी भांडणाऱ्या शहरात मला सलग तीन सीटा मिळायच्या, आणि त्याचा मला इतका राग यायचा की मी उभीच राहायचे.

माझी रूममेट यवतमाळकडची. शांत, सावकाश बोलणारी, कामाला वाघ. पेशंटची पाठ पुसायची तर तिनंच. वडिलांच्या ऑपरेशनसाठी ती पहिल्या टर्मला तीन आठवडे गावी गेली होती, आणि तेवढ्यावरून तिची हजेरी अगदी काठावर आली होती. आणखी दोन-तीन दिवस बुडाले तर परीक्षेला बसता येणार नव्हतं, सहा महिने गेले असते. घरी काकांनी एक स्थळ धरून ठेवलं होतं. "एकदा जरी गाडी अडकली तर परत बोलावून घेऊ" असं त्यांचं ठरलेलं. त्यामुळे बाकीच्या मुली साथीला भीत होत्या आणि ही सुट्टीला. हे तिनं मला एकटीलाच सांगितलं होतं. मला सगळं ठाऊक होतं, हे आधीच लिहून ठेवते.

त्याच दिवसांत आमच्या ट्यूटर मॅडमना संशोधन सुचलं. त्या बाहेरून एम.एस्सी. करत होत्या आणि प्रबंधाला विषय हवा होता. आम्ही फुकटात हाताशी होतो. एका संध्याकाळी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून त्यांनी छापील कागद वाटले. साथीच्या काळात प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींचं ज्ञान आणि चिंता, असा विषय. पहिला भाग ज्ञानाचा: विषाणू कसा पसरतो, हात किती पायऱ्यांत धुवायचे, मास्क कसा काढायचा. दुसरा भाग चिंतेचा: मला झोप लागत नाही, माझ्या तळहाताला घाम येतो, मला घरी निघून जावंसं वाटतं. प्रत्येकापुढे शून्य ते तीन आकडे, त्यावर गोल करायचा. मॅडम म्हणाल्या, "आधी पेन्सिलीनं करा, मग पेननं," आणि चहा प्यायला गेल्या.

त्या गेल्या आणि माझा कागद उचलला गेला. हे नेहमीचंच होतं. माझं झालं की माझी वही पुढच्या बाकावरून मागच्या बाकावर जायची आणि चुरगळून परत यायची. ज्ञानाचा भाग सगळ्यांनी उतरवला हे ठीक. पण पोरींनी चिंतेचा भागही उतरवला. मी सगळीकडे शून्य केलं होतं, कारण मॅडमना आपण घाबरट वाटायला नको. झालं, सगळ्या वर्गाची चिंता शून्य. घामही कुणाला येत नव्हता, झोपही छान लागत होती. आदल्याच दिवशी मांडवात भोवळ येऊन पडलेली मुलगीसुद्धा शून्यावर गोल करत होती.

माझ्या रूममेटनं मात्र स्वतःचं आधी भरलं होतं. तिच्या कागदावर दोन आणि तीनवर फिकट गोल दिसत होते. तिनं माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "याच्यात बरोबर उत्तर कोणतं हाये वं?"

"शून्य," मी म्हटलं. "आणि लवकर कर, चहा संपेल."

तिनं खोडरबर घेतला आणि सगळे गोल पुसले. तो खोडरबर माझाच होता.

प्रश्नावलीपाठोपाठ ताप-रजिस्टर आलं. मेट्रनबाईंचा हुकूम होता की मुलींनी रोज सकाळी ड्यूटीला जाण्यापूर्वी स्वतःचा ताप मोजायचा. शंभरच्या वर असला तर ड्यूटी नाही, वेगळ्या खोलीत राहायचं. कल्पना उत्तम. होस्टेलमध्ये थर्मामीटर दोन. मुली चाळीसच्या आसपास. काखेत पाच मिनिटं धरायचं, स्पिरिटनं पुसायचं, पुढचीला द्यायचं, आणि साडेसातला मांडवात हजर. हे गणित मेट्रनबाईंनी केलं होतं की नाही मला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी एक थर्मामीटर फुटला, आणि पारा गोळा करता करता सगळ्यांना उशीर झाला म्हणून सगळ्या बोलणी खाऊन आल्या. त्यानंतर कुणी मोजायच्या फंदात पडताना मला दिसलं नाही.

रजिस्टर मेसच्या दाराशी स्टुलावर पडलेलं असायचं, दोऱ्यानं बांधलेल्या पेन्सिलीसह आणि उरलेल्या एका थर्मामीटरसह. प्रत्येकीनं आपल्या नावापुढे आकडा लिहायचा, संध्याकाळी मॉनिटरनं शाईनं पक्का करून सही करायची. बहुतेक मुली रकाना कोराच सोडायच्या. काही चावटपणा करायच्या. एकीनं लिहिलं होतं, "१०४, दुधीची भाजी बघून." दुसरीनं स्वतःच्या नावापुढे बदाम काढला होता. मी वैतागले होते. दिवसभर मांडवात लोकांचं खोकणं ऐकायचं, संध्याकाळी येऊन चाळीस जणींचे ताप जुळवायचे, आणि सकाळी मॅडम ते न वाचता फक्त खाडाखोड आहे का ते बघणार. तेव्हा मी माझी पद्धत बसवली. आधी रकान्यावरून वरपासून खालपर्यंत खोडरबर फिरवायचा, कोरं करायचं, आणि मग शाईनं सगळ्यांना ९८.४. सगळेच ९८.४ दिसले तर शंका येईल म्हणून मध्येच एखादीला ९८.२ द्यायचे, एखादीला ९८.६. कुणाला काय द्यायचं ते मी अगदी विचार करून ठरवत असे. ठणठणीत मुलींना ९८.२, किरकोळ मुलींना ९८.६. मॅडमनी एकदा वर्गात रजिस्टर उंच धरून दाखवलं आणि म्हणाल्या, "याला म्हणतात नोंद."

रूममेट त्या आठवड्यात गप्प होती. ती तशी गप्पच असायची. सकाळी मी तोंड धुवून येईपर्यंत ती तयार होऊन खाली गेलेली असायची. एकदा तिला कोरडा खोकला आला आणि मी म्हटलं, "पाणी पी." आजाराची लक्षणं ओळीनं म्हणून दाखवणाऱ्या मुलीनं एवढाच उपचार सुचवला.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला ती मांडवात एका बाईंचा फॉर्म भरत होती. मांजरी गावाहून आलेल्या, कडेवर लेकरू. त्या बाईच ओरडल्या, "अवं, ही पोरगी बघा, हिलाच जास्त हाय." मी वळले तोवर ती टेबलावर डोकं टेकून बसली होती. हात लावला तर चटका बसला. मोजला तर १०३. ओठ पांढरे. स्ट्रेचर आलं आणि जी रांग आम्ही सकाळपासून आवरत होतो, ती तिला वाट द्यायला आपोआप फुटली.

दुपारी मेट्रनबाईंनी मला रजिस्टर घेऊन बोलावलं. ट्यूटर मॅडम होत्याच. मेट्रनबाई उंच, सडपातळ, आवाज न चढवता माणसाला जमिनीत गाडणाऱ्या. पान उघडलं. सोमवार ९८.४, मंगळवार ९८.२, बुधवार ९८.६.

"डॉक्टर म्हणतात हिला तीन दिवसांपासून तरी ताप असला पाहिजे," मेट्रनबाई म्हणाल्या. "म्हणजे मुलीनं खोटं लिहिलं. तापात शेकडो लोकांसमोर बसली. पेशंटांना धोका, बरोबरच्या मुलींना धोका. असल्या मुलीला आपण पुढे नर्स म्हणून कुठे उभं करणार?"

ट्यूटर मॅडम म्हणाल्या, "हजेरीसाठी केलं असणार. माझ्या अभ्यासात तर तिची चिंता शून्य आली होती."

बरी झाली की तिचं नाव कमी करून घरी पाठवायचं, असं त्या दोघींत ठरू लागलं. सोमवारी तिच्या घरी पत्र जाणार होतं. आकडे माझे आहेत, हे मी तिथेच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण माझ्या डोक्यात उलटंच चाललं होतं. मी चाळीस जणींना ताप वाटले होते हे खरं, पण हिनं तरी सांगायचं होतं ना. एका खोलीत राहतो, दोन हातांवर खाट. मी काय खाल्लं असतं हिला? रागानं माणसाला किती सोयीची कारणं सुचतात. मी रजिस्टर काखेत मारून बाहेर आले.

तो राग घेऊनच मी शुक्रवारी तिला बघायला गेले. वेगळ्या वॉर्डात, दारातून आत जायला तेव्हा कुठे मला कपाटातला चांगला मास्क मिळाला. ती ऑक्सिजनवर होती, पण शुद्धीत. केस चिकटलेले, डोळे खोल. मी खुर्चीवर बसले आणि विचारपूस करायच्या आधी तिला झापलं. म्हटलं, तुला काही कळतं का, तुझं नाव काढायला निघालेत, तीन दिवस ताप अंगावर काढलास, लिहायला काय झालं होतं, निदान मला तरी सांगायचं.

तिनं नळी जरा बाजूला केली. तिला राग आला नव्हता. नुसती दमलेली होती.

"लिहलं होतं न वं," ती म्हणाली. "रोज लिहलं. पेन्सिलनं."

मला आधी कळलंच नाही.

"बोलाले भेव वाटे," ती म्हणाली. "तोंडानं सांगतलं तर तुले सांगाच लागलं असतं वरती. म्हणून लिहलं. मले वाटलं, तू पाहशील. मग तू जे म्हणशील ते." थोडा श्वास घेतला. "बुधवारी रातच्याले पाह्यलं तर मंगळवारचं तू ९८.२ करून ठेवलं होतं. मले वाटलं, तू पाहून केलं. माही हजेरी वाचवाले."

मी उठले. काय बोलले ते आठवत नाही. बहुधा "येते" म्हणाले.

होस्टेलवर येऊन रजिस्टर खिडकीशी नेलं. पान तिरपं धरलं. शाईच्या आकड्याखाली काहीतरी दबलेलं दिसत होतं. ती पेन्सिल दाबून लिहायची, वहीच्या मागच्या पानावर उमटेल इतकी. लहानपणी आम्ही नाण्यावर कागद ठेवून घासायचो, तशी मी पेन्सिल आडवी धरली आणि तिच्या नावापुढे हलकेच फिरवली. काळ्या शिसात पांढरे आकडे वर आले. सोमवार १००.२. मंगळवार १०१. बुधवार १०१.६, आणि त्याच्याखाली एक बारीक रेघ, मुद्दाम ओढलेली. दिसावं म्हणून.

मी ते आकडे खोडताना पाहिले होते का? हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की आता उत्तराचाच भरवसा वाटत नाही. कधी वाटतं, पाहिलेच नाहीत, खोडरबर सरसकट फिरवला. कधी वाटतं, एक तरी दिसला होता आणि मी तो दुधीच्या भाजीत जमा केला. दोन्हींत कमी वाईट कोणतं ते मला ठरवता येत नाही. इतकं खरं की ज्ञानाच्या भागात मला पैकीच्या पैकी होते.

मेट्रनबाईंच्या दारात मी बराच वेळ उभी राहिले. माझं मॉनिटरपद, येरवड्याच्या भिंतीवरची फ्रेम, पुढच्या वर्षी मिळायची ती स्कॉलरशिप, सगळं त्या दारात माझ्याबरोबर उभं होतं. हे पान मी फाडू शकत होते. खाडाखोड झाली म्हणून पान फाडलं, असं सांगितलं असतं तर आमच्या शाळेत कुणी चकार शब्द काढला नसता. पण सोमवारी पत्र जाणार होतं, आणि तिला वाटत होतं की मी तिच्यासाठी ९८.२ केलं.

आत गेले. पान उघडून टेबलावर ठेवलं. मेट्रनबाईंनी चष्मा लावला, काळा पट्टा पाहिला, पांढरे आकडे पाहिले, त्यावरची शाई पाहिली.

"शाईचं अक्षर कुणाचं?"

"माझं."

"हे खालचं?"

"तिचं."

"तू तिचा ताप मोजलास?"

"नाही, मॅडम."

"कुणाचाच?"

"नाही."

त्यांनी ९८.२ वर बोट ठेवलं. "मग हा ताप कुणाचा आहे?"

त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "तिनं तीनदा सांगितलं. तू तीनदा खोडलंस," आणि मला जायला सांगितलं. ते पत्र गेलं नाही. दुसऱ्या दिवशी होस्टेलवर बारा थर्मामीटर आले. ते इतके दिवस कुठे होते हे कुणी सांगितलं नाही, आणि मला आता विचारायचं तोंड नव्हतं.

माझं मॉनिटरपद गेलं. माझं सगळं पोस्टिंग रद्द धरून सहा महिने परत करायला लावलं. घरी सांगितलं त्या दिवसापासून पाहुणे आले की आई आधी चहा द्यायला लागली. ट्यूटर मॅडमचा प्रबंध मंजूर झाला. विद्यार्थिनींचं ज्ञान उत्तम आणि चिंता नगण्य, असा निष्कर्ष निघाला, आणि तो कुठेतरी बांधून कपाटात असेल.

रूममेट तीन आठवड्यांनी उठली. हजेरी अर्थातच बुडाली होती, सहा महिने गेलेच. काकांना मेट्रनबाईंनी स्वतः फोन केला. काय बोलल्या माहीत नाही, पण ते स्थळ नंतर पुन्हा निघालं नाही. आम्ही दोघी धाकट्या वर्गाबरोबर परीक्षेला बसलो. ती माझ्यावर कधी चिडली नाही. माझी माफी तिनं पुरती ऐकूनही घेतली नाही, मध्येच "जाऊ दे न वं" म्हणून उठली आणि कपडे वाळत घालायला गेली. पुढे आम्ही साड्या बदलून नेसायचो, तिच्या गावचं लोणचं अर्धं मीच संपवायचे, आणि पहिला पगार झाला तेव्हा ती तो आधी मला दाखवायला आली.

पण ताप-रजिस्टर नंतरही दोन महिने चालू होतं. त्यात रोज सकाळी पाच मिनिटं थर्मामीटर काखेत धरून ती आपला आकडा स्वतः लिहायची. दंडक मोडून, बोलणी खाऊन, पेननं.